गुत्ता, अड्डा, परमिट रूम : जमण्याच्या गुन्ह्याचा इतिहास

मुंबई-आग्रा महामार्गाने पडघा ओलांडून शहापूरकडे निघाले, की ‘परमिट रूम’ ही पाटी वारंवार दिसू लागते. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरही तीच. मराठीत हा शब्द इतका रुळला आहे, की त्यातले ‘परमिट’ कोणाचे, हा प्रश्न पाटी वाचणाऱ्याला पडत नाही. ते परमिट दुकानदाराचे नव्हे, पिणाऱ्याचे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान हाच मुळात गुन्हा ठरवला आणि त्या गुन्ह्यातून सूट म्हणून व्यक्तीला परवाना दिला. परवानाधारकाने जेथे बसून प्यावे, ती परमिट रूम. हा कायदा आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने पुस्तकात कायम आहे. म्हणजे ज्याला आपण मद्यालय म्हणतो, ते कायद्याच्या भाषेत दारूबंदीचेच एक दालन आहे.

मराठीत अशा जागांसाठी आणखीही शब्द आहेत. ‘गुत्ता’ म्हणजे मुळात मक्ता, सरकारकडून घेतलेले कंत्राट. पुढे ‘दारूचा गुत्ता’ असे म्हणता म्हणता कंत्राटाचे नाव जागेला चिकटले. ‘अड्डा’ म्हणजे एकत्र बसण्याची जागा. बंगालीत या शब्दाला अजूनही गप्पांचा, साहित्यचर्चेचा सुवास आहे. मराठी वृत्तपत्रांत मात्र अड्ड्यावर फक्त धाड पडते. आणि अलीकडचा ‘रेव्ह पार्टी’ हा शब्द तर आपल्याकडे पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांतूनच सर्वदूर पोचला. या चार शब्दांत एक साम्य आहे. माणसे जेथे जमतात त्या जागेचे नाव जमणाऱ्यांनी दिलेले नाही. ते कायद्याने दिले आहे किंवा कायद्याच्या धाकाने बिघडवले आहे.

नशेच्या पदार्थांवरील कठोर कायद्यांची चर्चा करताना सहसा एकच प्रश्न विचारला जातो : व्यसन कमी झाले का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण संस्कृतीच्या अभ्यासकाने त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवायला हवा. त्या पदार्थाभोवती माणसे जी जमत होती, गात होती, नाचत होती, त्या जमण्याचे काय झाले? गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव असा, की जबर शिक्षेचा कायदा पदार्थापर्यंत क्वचितच पोचतो; तो पोचतो तो सोबतीपर्यंत. या विधानाची साक्ष काढायला गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा लंडनच्या क्लबात जाण्याआधी शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जाणे उपयोगाचे ठरेल.

सह्याद्रीच्या पायथ्याचे हे दोन तालुके. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी हे दोन्ही ठाण्यातच राहिले. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या जमातींची वस्ती येथे शतकानुशतके आहे आणि त्यांच्या जगण्यात मोहाचे झाड मध्यभागी आहे. होळीच्या सुमारास पानगळ झालेल्या झाडाला फुले येतात, ती पहाटे टपटप गळतात, बाया-पोरे टोपल्या घेऊन वेचायला जातात. सुकवलेले फूल वर्षभर पुरते. धान्य संपल्यावर ते शिजवून खातात, गुरांना घालतात, बियांचे तेल काढतात. याच फुलांना पाण्यात आंबवून, मडक्यावर मडके चढवून दारूही गाळतात. म्हणजे मोह हे एकाच वेळी अन्न, औषध, चारा आणि मद्य होते. ही दारू प्रथम जमिनीवर देवाच्या नावाने शिंपडायची आणि मग वाटून घ्यायची. जन्म, लग्न, मर्तिक, पिकाचा सण यांतला एकही प्रसंग तिच्याविना पुरा होत नसे. ठाकरांचा कांबडनाच असो, ढोलनाच असो, की उत्तरेकडच्या वारल्यांचा तारपा असो, हे नाच अंगणातले, रात्रभर चालणारे आणि सगळ्या वस्तीचे. त्यांत प्रेक्षक नावाचा वेगळा वर्ग नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे तर पाड्याचा क्लब म्हणजे पाड्याचे अंगण.

या अंगणात कायदा शिरला तो १८७८ साली. त्या वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्यामागचा हेतू नीतीचा नव्हता, महसुलाचा होता. तोवर गावोगावी लहान भट्ट्या चालत. नव्या व्यवस्थेत दारू गाळण्याचा अधिकार मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांकडे गेला, विक्रीचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले, ताडीच्या झाडावर झाडागणिक कर बसला. अबकारी खात्याचे आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हे या धोरणाचे कर्ते मानले जातात. उरणच्या मोठ्या भट्ट्यांसाठी पंचमहालातून मोहफुले रेल्वेने येत आणि तेथली दारू परत ठाण्या-कुलाब्याच्या दुकानांत जाई. स्वतःच्या दारातल्या झाडाचे फूल वेचणाऱ्या ठाकराने दूरच्या फुलांची, दूरच्या भट्टीतली, कर भरलेली दारू गुत्त्यावर जाऊन रोख पैशांनी किंवा उधारीवर घ्यावी, अशी ही रचना होती. याच वर्षी वनकायदाही आला आणि जंगलाचे दारही अरुंद झाले. त्यावरचा असंतोष इतका वाढला, की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींसाठी सरकारला १८८५ मध्ये स्वतंत्र आयोग नेमावा लागला.

तरीही लोक घरी दारू गाळत राहिले. मडके, फूल, पाणी आणि विस्तव एवढेच तर लागते. तेव्हा सरकारने पुढचे पाऊल टाकले आणि फुलावरच बंधन आणले. १८९२ चा मोह कायदा खास ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. बेकायदा दारू रोखायची म्हणून मोहफुलांचा साठा आणि व्यवहार यांवर त्याने निर्बंध घातले. मोह हे गरिबाचे अन्न आहे, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. महसुलाच्या गणितापुढे तो टिकला नाही. या कायद्यातला तर्क नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढच्या शतकातल्या साऱ्या कठोर कायद्यांत तो पुन्हा भेटतो. कृत्य पकडता येत नाही, म्हणून बाळगणे हाच गुन्हा ठरवायचा. बाळगणे गुन्हा ठरले, की झडतीचा अधिकार आपोआप येतो. आणि झडतीचा अधिकार आला, की प्रत्येक घर संशयित होते.

आता या तर्काचा जमण्यावर काय परिणाम होतो, ते पाहू. एकट्याने पिणारा माणूस लपू शकतो. लग्नघर लपू शकत नाही. ढोल वाजला, की चार डोंगर पलीकडे ऐकू जातो. रात्रभर नाचणारी वस्ती म्हणजे शिपायाला दिलेले आमंत्रणच. म्हणून या कायद्यांचा सर्वांत मोठा भार पडतो तो यजमानावर. ज्याच्या अंगणात मडके, तो आरोपी. मग दारू अंगणातून ओढ्याकाठी, झाडीत, अंधारात जाते. तेथे ती देवाला शिंपडली जात नाही, म्हाताऱ्यांच्या नजरेखाली वाटली जात नाही. ती घाईने प्यायली जाते किंवा विकली जाते. पूर्वी कोणाला किती द्यायची, कोणाला थांबवायचे, हे वस्ती ठरवत असे. आता ते कोणीच ठरवत नाही. हातभट्टी हा धंदा झाला आणि गुत्ता हा सावकारीचा दरवाजा. दक्षिण गुजरातच्या संदर्भात डेव्हिड हार्डिमन यांनी आणि ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात इंद्रा मुन्शी यांनी या अबकारी धोरणाचा जो अभ्यास केला आहे, त्यातून हेच चित्र उभे राहते : रूढीचे रूपांतर गुन्ह्यात झाले आणि त्यातून कर्ज, हप्ता व परावलंबन यांची साखळी तयार झाली. कायद्याने पिणे थांबवले नाही. त्याने पिण्यातली शिस्त मोडली.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. आदिवासींच्या दारूचे हे उदात्तीकरण तर नव्हे? दारूने घरे बुडाली, बायकांनी मार खाल्ला, जमिनी गेल्या, हे खोटे आहे का? मुळीच नाही. पण या आक्षेपाचे सर्वांत बळकट उत्तर खुद्द आदिवासींनीच दिले आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांत देवी अंगात येऊ लागली. तेथून ही लाट डोंगराळ भागात, सुरत जिल्ह्यात, डांगात, नाशिककडे पसरत गेली. अंगात आलेली माणसे देवीची आज्ञा सांगत : दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, गुत्तेदारांच्या वाऱ्याला उभे राहू नका. हजारो लोकांनी ते ऐकले. हार्डिमन यांनी ‘द कमिंग ऑफ द देवी’ (१९८७) या ग्रंथात या चळवळीचा इतिहास मांडला आहे. त्यातली आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट ही, की दारू सोडण्यासाठीही लोक जमलेच. मांडव पडले, गाणी झाली, अंगात आले. पदार्थ गेला पण मंडळी राहिली. उलट ती अधिक घट्ट झाली. अबकारी शिपायाच्या धाकाने नेमके याच्या उलट घडत होते : पदार्थ राहत होता आणि मंडळी फुटत होती. संयम आणि शिक्षा यांच्यातला फरक याहून स्पष्ट करणे अवघड आहे. पुढे महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी ‘आडव्या बाटली’साठी केलेले मतदान याच पहिल्या परंपरेतले.

स्वातंत्र्याच्या सुमारास महसुलाची जागा नीतीने घेतली, पण तर्क बदलला नाही. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी लागू केली. काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती बारगळली. १९४९ चा कायदा मात्र पक्का होता. परवान्याविना पिणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि एक हजार रुपयांपर्यंत दंड. पुढच्या गुन्ह्यांना शिक्षा वाढत जाणारी. त्याचे ८४ वे कलम तर आपल्या विषयाचा गाभाच आहे. नफ्यासाठी चालवलेल्या मद्यपानाच्या जागी पिणे चालू असताना जो कोणी सापडेल, तो पिण्यासाठीच तेथे आला होता असे गृहीत धरले जाईल. तसे नव्हते, हे त्याने सिद्ध करायचे. निव्वळ हजर असणे हा येथे पुरावा झाला. ‘तू काय केलेस’ याऐवजी ‘तू कोठे होतास’ असा प्रश्न कायदा विचारू लागला.

या बंदीची झळ मुंबईच्या क्लबांना कशी लागली, हे मराठी वाचकाला एका वेगळ्या दारातून माहीत आहे. १९३० आणि ४० च्या दशकांत ताजमहाल हॉटेलच्या दालनात आणि शहरातल्या इतर नाचघरांत जॅझ वाजवणारे वादक बहुसंख्येने गोव्याचे होते. मद्यविक्रीवाचून त्या जागांचे अर्थकारण कोलमडले. काही वादक कलकत्त्याला गेले आणि बरेचसे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आले. दारूबंदी हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते; चित्रपटांचा पैसा त्याआधीपासून खुणावत होता. पण क्लबचे दिवे मंदावल्याने ती वाट रुंद झाली. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकात या वादकांची हकिकत सांगितली आहे. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले, आणि ‘अलबेला’ (१९५१) मधल्या ज्या ठेक्यावर सारा महाराष्ट्र डोलला त्यात या नाचघरांचा अंश आहे. म्हणजे संगीत मेले नाही. ते ऐकणाऱ्यांसमोर वाजत होते, ते बंद खोलीत मायक्रोफोनसमोर वाजू लागले. गेली ती समोरासमोरची मैफल. पिणारेही गेले नाहीत. ते ‘आंटीच्या अड्ड्यावर’ गेले, ‘नवटाक’ हे मापाचे नाव दारूचे नाव झाले, आणि हप्ता या शब्दाला नवा अर्थ आला.

पाड्यावर हाच कायदा आणखी जड पडला. शहरातल्या सुखवस्तू माणसाला वैद्यकीय कारणाने परवाना मिळवता येई. कातकऱ्याला परवान्याचा अर्ज लिहिता येत नव्हता. मोहफुलांसाठी १९४९ च्या कायद्यातही वेगळी तरतूद होती, म्हणजे १८९२ चा तर्क स्वतंत्र भारतात जसाच्या तसा आला. १९६० च्या दशकात परवान्याचे नियम सैल झाले, १९७३ मध्ये नियमांनिशी देशी दारूची दुकाने आली. कारखान्यात तयार झालेली, बाटलीबंद, कर भरलेली दारू कायदेशीर; अंगणातली मात्र ‘गावठी’ आणि गुन्हा. उरणच्या भट्टीचे गणित पुन्हा जमले.

इतके समजून घेतले, की १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सारे ‘एनडीपीएस’ म्हणतात, तो आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. वास्तविक १८९३-९४ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने देशभर साक्षी घेऊन संपूर्ण बंदी समर्थनीय नाही, असा निष्कर्ष दिला होता. नियंत्रण आणि कर पुरेसे आहेत, असे त्याचे मत होते. पण १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पारंपरिक वापर २५ वर्षांत संपवण्याची अट आली आणि त्या दडपणाखाली हा कायदा झाला. त्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी. थोड्या प्रमाणाचा वैयक्तिक वापर तेवढा अपवाद. १९८९ च्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीला देहदंड बंधनकारक केला. जवळ सापडलेल्या प्रमाणानुसार शिक्षेची पायरी ठरवायला २००१ साल उजाडले. बंधनकारक देहदंडाचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मर्यादित केला आणि संसदेने २०१४ मध्ये तो ऐच्छिक केला. याच कायद्याचे २५ वे कलम जागेच्या मालकाविषयी आहे : जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा. यजमान पुन्हा आरोपी.

मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे रात्रीच्या पार्टीवर छापा पडला आणि अडीचशेहून अधिक तरुण-तरुणी एकाच वेळी ताब्यात घेतल्या गेल्या. तेथे कोणी काय घेतले होते, हे रक्ताच्या नमुन्यांवरून ठरणार होते. पण ‘रेव्ह’ला गेलेला, हा शिक्का त्याच सकाळी बसला. गोव्यातही हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर उघड्यावर, विनामूल्य चालणारे रात्रीचे नाच कमी होत गेले. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकबंदीनेही त्यांना वेसण घातली. जे उरले ते तिकिटाच्या दारामागे गेले. कुंपण, पहारेकरी आणि परवाना ज्याला परवडतो त्याचीच रात्र उरली.

परदेशांतले अनुभव याहून निराळे नाहीत. ब्रिटनने १९९४ च्या कायद्यात रात्री उघड्यावर जमलेल्या शंभरांहून अधिक लोकांना पांगवण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि तेथे वाजणाऱ्या संगीताची व्याख्या करताना सतत पुनरावृत्त होणाऱ्या ठेक्यांचा उल्लेख केला. संगीताचा ठेका कायद्याच्या कलमात शिरल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. त्या व्याख्येत आपला ढोलनाचही बसला असता, फक्त त्याला ध्वनिवर्धक लागत नाही. अमेरिकेने २००३ मध्ये अमली पदार्थांच्या वापरासाठी जागा दिल्याचे कलम कार्यक्रमांच्या आयोजकांपर्यंत ताणले. त्यात वीस वर्षांपर्यंत कैद आहे. परिणाम असा, की नाचणाऱ्यांसाठी पिण्याचे पाणी, विसाव्याची खोली, वैद्यकीय मदत ठेवायला आयोजक कचरू लागले, कारण अशी काळजी घेणे हाच ‘तुम्हाला ठाऊक होते’ याचा पुरावा ठरण्याची भीती होती. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी हात राखून वाढणे आणि क्लबात ठेवलेली पाण्याची बाटली या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. मंडळी स्वतःची काळजी स्वतः घेत असते. जबर शिक्षेचा कायदा प्रथम तीच काढून घेतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या साऱ्याशी काय कर्तव्य? पुष्कळ आहे. लोकसाहित्य आपण संहिता म्हणून शिकवतो. गाणे उतरवून घेतले, पाठभेद नोंदले, अर्थ लावला. पण मराठीत आदिवासी गीतांचे संकलन मुख्यतः विसाव्या शतकात झाले, म्हणजे १८७८ आणि १८९२ नंतर. आपल्या हाती आले ते गाणे ज्या अंगणातून आले, ते अंगण तेव्हाच झडतीखाली होते. त्या गाण्यांतले शिपाई, गुत्तेदार, सावकार हे निव्वळ ‘सामाजिक आशय’ नाहीत. गाणे होण्याच्या अटीच त्यांनी बदलल्या होत्या. नऊ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात आज ढोलनाच होतो तेव्हा तो दहा मिनिटांचा असतो, व्यासपीठावर असतो आणि समोर खुर्च्या असतात. शिक्षण, वीटभट्ट्यांकडे होणारे हंगामी स्थलांतर, दूरदर्शन ही त्याची कारणे आहेतच. पण रात्रभर जमण्याचीच भीती पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली, हेही एक कारण आहे आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना नशेच्या पदार्थांबाबत बंदी किंवा नियमन करण्याचा आणि गौण वनोपजावर मालकीचा अधिकार देऊ केला. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावे या क्षेत्रात येतात. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठवले. १८९२ पासून एकशे एकोणतीस वर्षे एका फुलाने गुन्हेगारी भोगली. फूल सुटले, ही आनंदाची गोष्ट आहे. अंगण मात्र शासननिर्णयाने परत येत नाही. ते परत आणायचे की नाही, त्यात दारू असावी की देवीची आज्ञा, हे ठरवण्याचा अधिकार वस्तीचा आहे. आणि तो बजावण्यासाठीही आधी वस्तीने निर्धास्तपणे एकत्र बसायला हवे. त्या बसण्याला मराठीत एक जुना, कोणत्याही कलमाने न डागाळलेला शब्द अजून आहे : बैठक. त्याला तरी पोलीसठाण्याचा वास लागू नये.